रेतकळीची तिसरी गाठ

सरका रे जरा. बाळू, तुझे पाय किती गार आहेत, माझ्या पोटात खुपसू नकोस. निमा, ती उशी दे इकडे. हं. आता ऐका. आज राजापासून सुरुवात नाही करायची. राजा येईल आपला मागून. आज आधी पाणी.

तर एक होतं पाणीच पाणी, आणि त्यात होता एक देश. सातझरी त्याचं नाव. वर्षातले आठ महिने तिथे पाऊस, आणि उरलेले चार महिने झाडांवरून ठिबकणारं पाणी. तिथल्या बेडकांनासुद्धा सर्दी व्हायची म्हणे. हसता काय? माझी आजी सांगायची, ती काय खोटं बोलेल?

त्या देशात एक रीत होती, बरं का. सकाळी उठलं की तोंड धुवायचं, आणि न्याहारीच्या आधी एका झाडाला तांब्याभर पाणी घालायचं. पाऊस पडत असला तरी? हो तर! पाठीवर पानांचं इरलं घ्यायचं, कासवासारखं वाकायचं, आणि भर पावसात झाडाला पाणी घालून यायचं. वाटेत कोणी भेटलं तर "बरं आहे ना?" नाही विचारायचे. "पाणी घातलंत का?" असं विचारायचे. पाहुणा आला की त्याच्या पायावर पाणी, रुसला की डोक्याला पाणी, निघाला की वाटेसाठी पाणी. माया करायची म्हणजे पाणी घालायचं, एवढंच त्यांना ठाऊक.

आणि ह्या सगळ्यांत पुढे कोण? तर राजाची आई, थोरली राणी. तिचा नेम एका झाडाचा नव्हता, एकवीस झाडांचा होता. तिच्या हातात कायम पितळेची झारी. झोपतानासुद्धा ती झारी उशाशी ठेवायची. स्वभावाने अशी गोड, अशी गोड, की माणसाला पळून जावंसं वाटावं. पोट भरलं म्हणालात तर ती म्हणायची, "असं कसं भरेल? अजून लाडू कुठे खाल्लात?"

काय गं निमा, माझ्याकडे काय बघतेस? मी राणीची गोष्ट सांगतेय.

आता येऊ दे राजाला. हा राजा फिरत फिरत गेला दूर वाळूच्या मुलखात. तिथे ना झाड, ना नदी. नजर जाईल तिथवर वाळू. तिथल्या राजाची मुलगी होती झमकू. चालायला लागली की पैंजण झमझम वाजायचे, म्हणून नाव झमकू. राजाला ती आवडली, तिला राजा आवडला. झालं लग्न.

निघताना झमकूच्या आईने काय केलं? तिच्या पदराला तीन गाठी मारल्या. म्हणाली, "पोरी, ह्यात रेतकळीचं बी आहे. तीन गाठी, तीन वेळा लाव. एकदा जरी फुललं, तर तू तिथली झालीस असं समज. पण गाठ वाया गेली की मी वारा पाठवीन, तो तुझं थोडं थोडं नेईल. आणि तिन्ही गेल्या, तर तो तुला उचलून माझ्याकडे घेऊन येईल. मग कितीही रडलीस तरी परत जाता यायचं नाही."

रेतकळी म्हणजे काय? अगं, एवढंसं झुडूप. वीतभर उंच. पानं करडी, उंदराच्या कानासारखी लवलवीत. आणि फूल पिवळं, दिवेलागणीला उमलणारं. वास कसा, माहितेय? तव्यावरच्या गरम भाकरीवर मधाचा थेंब टाकलात ना, तसा. झमकू त्या वासातच लहानाची मोठी झाली होती.

मग झमकू सातझरीला आली. एका म्हाताऱ्या उंटावर बसून आली. त्या उंटाचं नाव धीरा. ती दारात उतरते न उतरते तोच थोरल्या राणीने तिच्या पायांवर सात घागरी पाणी ओतलं आणि तोंडात लाडू घातला. झमकूला राणी फार आवडली, बरं का. एवढी माया तिला कोणी केली नव्हती. पण रोज सकाळी सात घागरी आणि रोज चार लाडू! तिच्या पायांची बोटं मनुकांसारखी सुरकुतून गेली. आता नवी सून सासूला कशी म्हणणार, की पुरे करा? ती आपली हसायची आणि गिळायची.

मग तिने पहिली गाठ सोडली. मूठभर बी निघालं. राजवाड्यातल्या येसू माळणीला तिने गाठीची सगळी हकिगत सांगितली. येसूने विचारलं, "राणीसाहेब, हे लावायचं कसं?"

झमकू म्हणाली, "मला नाही गं ठाऊक. आमच्याकडे ते कोणी लावत नाही. आपलं आपण येतं."

झाली का पंचाईत? पण थोरली राणी म्हणाली, "त्यात काय विचारायचं! माझ्या सुनेचं झाड आहे, त्याला सगळं उत्तमातलं उत्तम मिळालं पाहिजे." मग तिने बागेतली सगळ्यात काळी माती आणवली. त्यात सात गाड्या शेणखत घातलं. बी पेरलं. आणि सकाळ, दुपार, संध्याकाळ स्वतःच्या हाताने झारीने पाणी घातलं.

एक दिवस गेला. दोन दिवस गेले. आठ दिवस गेले. वर आलं काय? तर शेवाळ! येसूने माती उकरून पाहिली. बी कुजून त्याचा लगदा झाला होता.

त्याच दुपारी गार वाऱ्याची एक झुळूक वाड्यातून फिरून गेली. झमकू दालनातून चालत आली आणि सगळे तिच्या पायांकडे बघायला लागले. पैंजण हलत होते, पण वाजत नव्हते. झमझम नाही की काही नाही. वारा पैंजणांचा आवाज घेऊन गेला होता.

मग सगळ्यांनी विचारलं, हे काय झालं? झमकूने गाठीची गोष्ट राजाला सांगितली, राणीला सांगितली. म्हणाली, "मला आईची आठवण येते. खूप येते. पण मला इथून जायचं नाहीये." आणि रडायला लागली. थोरल्या राणीने तिला जवळ घेतलं आणि ताबडतोब प्यायला पाणी दिलं. दुसरं काय देणार बिचारी!

मग येसू माळीण विचाराला बसली. म्हणाली, "वाळूतलं झाड ते, त्याला वाळूच पाहिजे." हुशार होती येसू. पावसाची उघडीप बघून नदीवरून वाळू आणली, तिचा वाफा केला. दुसरी गाठ सोडली. ह्या वेळी पाच बिया. त्या पेरल्या. आणि राजाने दवंडी पिटवली, "ऐका हो ऐका! ह्या वाफ्याला कोणी पाणी घालायचं नाही!"

आणि काय सांगू, पंधरा दिवसांनी पाचातलं एक बी उगवलं! दोन करडी पानं, इवलीशी. सगळं गाव बघायला आलं. वाड्यात पेढे वाटले. मग दोनाची चार पानं झाली, चाराची आठ.

आणि एक दिवस ते रोप मान टाकून मेलं. मूळ हातात आलं ते पार कुजलेलं. वाफ्यात चिखल झाला होता.

राजा असा चिडला! "कोणी पाणी घातलं?" मग स्वयंपाकीणबाई रडायला लागल्या. "महाराज, मी घातलं. पण ओंजळभरच. एवढंसं लेकरू, उन्हात तहानलं असेल, मला बघवेना." मग सेनापती पुढे आला, एवढ्या मिशांचा. "महाराज, मीसुद्धा. ओंजळभरच." मग पुजारी, मग धोबीण, मग न्हावी. सगळ्या गावाने एकेक ओंजळ घातली होती, गुपचूप, एकमेकांना न सांगता. प्रत्येकाला वाटलं, आपल्या एका ओंजळीने काय होतंय! शेवटी राजानेच मान खाली घातली. तोही एकदा जाऊन आला होता.

आणि थोरली राणी? तिने झारी पाठीमागे लपवली.

मग वारा आला. ह्या वेळी जरा जोरात आला. झमकू अंगणातल्या ओल्या मातीतून चालत गेली आणि मागे पाऊल उमटलं नाही. एकही नाही. इतकी ती हलकी झाली होती. आणि वारा परत गेला नाही, बरं का. तो वाड्याच्या कौलांवर बसून राहिला, वाट बघत.

आता राहिली एकच गाठ. थोरल्या राणीने ती हलक्या हाताने सोडली. आत होतं एकच बी. एकुलतं एक.

बाळू, झोपलास का? नाही? मग डोळे मीट. कानांनी ऐकता येतं.

थोरल्या राणीला त्या दिवशी जेवण गेलं नाही. तिच्या मनात आलं, माझ्याच हाताने मी माझी सून घालवतेय. मग तिला आठवलं, वाळूच्या मुलखातून आलेलं आणखी कोणीतरी आहे की आपल्याकडे! ती उठली, पदराखाली लाडू घेतले, आणि गेली पागेत, धीरा उंटाकडे.

धीरा रवंथ करत बसला होता. राणीने त्याच्यापुढे लाडू ठेवले आणि म्हणाली, "धीराबाबा, तुम्हाला ठाऊक असेल तर सांगा हो. रेतकळी कशी लावायची?"

उंटाने एक लाडू खाल्ला. दुसरा खाल्ला. तिसरा खाल्ला. मग ओठ चाटले आणि चक्क बोलला. "आल्यापासून कोणी विचारेल म्हणून थांबलो होतो. तुम्ही लोक घालता फार, विचारता कमी."

राणीने ऐकून घेतलं. गरज तिला होती ना!

उंट म्हणाला, "बी टणक कवचाचं असतं. आधी खरखरीत दगडावर घास, पाठ जराशी सोलवटेपर्यंत. आमच्याकडे ते काम वाळू करते. मग वाळू घे, बारीक खडी घे, त्याचा उंचवटा कर, म्हणजे पाणी थांबणार नाही. शेण नको, खत नको. पावसाला आडोसा कर, पण ऊन अडवू नकोस. आणि पाणी पुनवेला एकदा. मुळाशी. पानांवर एक थेंबही नको, पानांची लव कुजते."

"पुनवेला एकदा," राणी म्हणाली. "आणि बाकीचे दिवस काय करू?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

राणीचे डोळे भरून आले. "अहो, मग माया कशी करू त्याच्यावर?"

उंटाने मान तिच्याजवळ आणली. मग म्हणाला, "जवळ बस. हात मांडीवर ठेव."

मग राणी परत आली. तिने स्वतः दगड घेतला आणि ते एकुलतं एक बी घासलं. जास्त घासलं तर आतलं बी जायचं, कमी घासलं तर उगवायचं नाही. जरा सोलवटलं, तशी ती थांबली. मग वाळू आणि खडीचा उंचवटा केला, त्यात बी टोचलं, आणि चार काठ्या रोवून त्यावर आपलं स्वतःचं इरलं बांधलं. पाऊस आला की इरलं खाली ओढायचं, ऊन पडलं की बाजूला सारायचं. सातझरीत झाडाला इरलं घालतात हे कोणी ऐकलंसुद्धा नव्हतं. लोक हसले. हसू देत. राणीने शेजारी पाट मांडला, त्यावर बसली आणि हात मांडीवर ठेवले.

सकाळी एकवीस झाडांना पाणी घालायची आणि इथे येऊन बसायची. बी उगवलं. दोन पानं आली, चार आली. मग लोक तांबे घेऊन यायला लागले. "राणीसाहेब, फक्त ओंजळभर!" राणी म्हणायची, "जा, केळीला घाल जा." सेनापती आला, त्यालाही केळीकडे पाठवलं. राजा आला, हात मागे बांधून, निरागस तोंड करून. राणी म्हणाली, "राजा, मागे काय आहे ते दाखव." तांब्याच होता! गेला बिचारा केळीला पाणी घालायला. त्या वर्षी केळी अशा माजल्या म्हणता, घड तोडायला शिडी लागली.

पण खरी परीक्षा पुढेच होती. पाऊस उघडला आणि कडक ऊन पडलं. पुनव चार दिवसांवर. रेतकळीला एक कळी धरली होती, हिरवी, मुगाएवढी. आणि भर दुपारी तिची सगळी पानं मलूल झाली. खाली लोंबायला लागली.

राणीचा जीव खालीवर झाला. झारी शेजारीच होती. भरलेली. तिचा हात मांडीवरून उठला. तिने परत मांडीवर ठेवला. परत उठला. जन्मभराची सवय ती, अशी एका दुपारीत जाते होय? शेवटी तिने हाक मारली, "झमकू! ये गं, लवकर ये! माझे हात धर!"

झमकू धावत आली. आली म्हणजे काय, तरंगतच आली, इतकी हलकी झाली होती. तिने सासूसमोर बसून तिचे दोन्ही हात घट्ट धरले. आणि दोघी बसून राहिल्या. कौलांवर वारा उठून उभा राहिला. खाली वाकून बघायला लागला.

मग नुसतं बसून करायचं काय? राणी म्हणाली, "तुझ्या गावचं सांग गं काहीतरी." तिने हे कधी विचारलंच नव्हतं. वेळच कुठे मिळाला होता, पाणी घालण्यातून! मग झमकू सांगायला लागली. तिची आई पहाटे वाळूवर अनवाणी चालायची, ते सांगितलं. घरातल्या एकुलत्या माठाला फुलं वाहायची, ते सांगितलं. सांगता सांगता रडली, मग हसली. राणीने ऐकलं. हात धरलेले, त्यामुळे तिला ना पाणी देता येत होतं, ना लाडू. नुसतं ऐकलं.

मग झमकू जरा घुटमळली. म्हणाली, "सासूबाई, एक बोलू? रागावणार नाही ना?"

"बोल की, पोरी."

"मला रोज चार लाडू नकोत. एक पुरे. आणि पाय धुवायला एक तांब्या पाणी खूप होतं."

राणी मग म्हणाली, "अगं, मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतक्या प्रेमाने देत होतात."

मग राणी हसली. इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते पाणी मात्र तिने पुसलं नाही. ऊन उतरायला लागलं, तशी रेतकळीची पानं हळूहळू वर आली. तहानेने नाही, बरं का, उन्हापासून वाचायला खाली लोंबली होती ती! वाळूतल्या झाडांची ती युक्तीच असते. पाणी घातलं असतं, तर त्याच दुपारी मेलं असतं झाड.

मग दिवेलागण झाली. आणि टप्प करून कळी उमलली. पिवळीधमक. वास असा सुटला, की स्वयंपाकीणबाई भाकरी करपली की काय म्हणून बघायला धावल्या. झमकू उठून उभी राहिली आणि झम! पैंजण वाजले. एक पाऊल टाकलं, वाळूत उमटलं. दुसरं टाकलं, तेही उमटलं. राजा धावत आला. थोरल्या राणीने मात्र अजून हात मांडीवरच ठेवले होते. तिला भरवसाच नव्हता त्यांचा.

आणि वारा? तो कौलांवरून उतरला. पण त्याने झमकूला हात लावला नाही. त्याने फुलाचा नुसता वास उचलला आणि निघून गेला दूर, वाळूच्या मुलखात. तिथे झमकूची आई दारात उभी होती. तिला वास आला. ती म्हणाली, "रुजली गं माझी पोर," आणि आत जाऊन पोटभर जेवली.

मग पुढे रेतकळीला शेंगा आल्या, बी झालं. येसू माळीण तर फांद्यांपासूनही रोपं करायला शिकली. फांदी खुडायची, लगेच नाही लावायची. दोन दिवस सावलीत ठेवायची, खुडलेली जागा सुकू द्यायची, मग वाळूत खोचायची. घरोघरी रेतकळी झाली, बुडाला भोक पाडलेल्या खापरात, पडवीच्या कडेला. आणि सातझरीत नवी रीत पडली. नवी सून घरी आली की सासूने तिच्यासाठी एक रेतकळी लावायची, आणि एक अख्खी दुपार तिच्याजवळ बसायचं. काही घालायचं नाही, काही भरवायचं नाही. विचारायचं, "तुझ्या गावचं सांग."

धीरा उंटाला रोज तीन लाडू मिळायला लागले. झमकूचे तीन उरायचे ना, ते.

झाली गोष्ट. ते सगळे सुखाने राहिले, आणि पाणी बेतानेच प्यायले.

काय निमा? आपल्या पडवीतलं खापर? हो गं, तेच. तुझी आई दुष्काळी मुलखातली. लग्न होऊन इथे आली तेव्हा तिच्या पिशवीत होतं ते बी. पहिली दोन रोपं मी मारली, पाणी घालून घालून. ती एका शब्दाने बोलली नाही. तिसऱ्या वेळी शहाणी झाले मी. बोलू नकोस तिला, मी सांगितलं म्हणून.

चला, झोपा आता. पांघरूण? एकदा घातलंय, पुरे. परत परत येऊन घालणार नाही. बाळू, पाणी नको आता, मघाशी प्यायलास. मी इथेच आहे. काही करत नाहीये. नुसती बसलेय, हात मांडीवर ठेवून.